रेल्वे डीझेल एंजिनांचे वर्गांकन व क्रमांकन

रेल्वेगाड्या ओढणाऱ्या डीझेल एंजिनांचे रूळमाप, काम, शक्ती व रचना यांनुसार वर्ग पाडून प्रत्येक वर्गाला अक्षरे व अंक यांनी बनलेले नाव देणे यास वर्गांकन म्हणतात. तर त्या वर्गातील प्रत्येक एंजिनाला स्वतंत्र ओळख देणारा आकडा लावणे यास क्रमांकन म्हणतात. प्रस्तुत नोंदीत ‘एंजिन’ ही संज्ञा गाडी ओढणाऱ्या संपूर्ण वाहनास उद्देशून वापरली आहे. त्याच्या आत असलेल्या, इंधन जाळून शक्ती निर्माण करणाऱ्या यंत्रास ‘मूलचालक’ असे म्हटले आहे. वर्गांकन व क्रमांकन यांच्या पद्धती देशोदेशी भिन्न असल्या, तरी त्यांमागील गरज एकच आहे. एखाद्या एंजिनाला किती भार जोडावा, ते कोणत्या पुलावरून न्यावे, त्याला कोणत्या प्रकारच्या गतिरोधकांची गाडी लावावी, कोणत्या प्रशिक्षित चालकाच्या हाती ते द्यावे आणि दुरुस्तीच्या वेळी त्याला कोणते सुटे भाग लागतील, हे सर्व प्रश्न त्याच्या नावावरून व क्रमांकावरून सोडवावे लागतात. नाव चुकीचे वाचले गेले, तर त्यावर आधारलेले निर्णयही चुकतात.

चतुर्विध ओळख : कोणत्याही डीझेल एंजिनाला साधारणतः चार प्रकारच्या ओळखी असतात व त्यांची गल्लत करणे ही या विषयातील सर्वांत सामान्य चूक होय. (१) निर्मात्याचे प्रतिमाननाम : एंजिन बनविणारी कंपनी आपल्या आराखड्याला हे नाव देते. (२) रेल्वेचे वर्गनाम : एंजिन वापरणारी रेल्वे आपल्या पद्धतीनुसार ते ठरविते. (३) धावक्रमांक : रेल्वेने एंजिनाच्या अंगावर ठळक रंगविलेला आकडा. (४) निर्मितिक्रमांक : कारखान्याने आपल्या उत्पादनाच्या नोंदीसाठी दिलेला व एका लहान धातुपट्टीवर कोरलेला आकडा. यांपैकी पहिल्या दोन ओळखी जातीच्या, तर शेवटच्या दोन व्यक्तीच्या आहेत. उदा., अमेरिकेतील आल्को कंपनीने डीएल ५६० सी या प्रतिमाननामाने आखलेले एंजिन भारतीय रेल्वेत डब्ल्यूडीएम–२ या वर्गनामाने ओळखले जाते. वाराणसी येथील डीझेल एंजिन कारखान्यात १९६४ मध्ये जोडणी होऊन बाहेर पडलेल्या या वर्गाच्या पहिल्या एंजिनाचा धावक्रमांक १८२३३ असून ते ‘कुंदन’ या नावाने प्रसिद्ध आहे. एकच आराखडा निरनिराळ्या रेल्वेत निरनिराळ्या वर्गनामांनी वावरू शकतो. वाराणसीतच बनलेली व याच घराण्यातील एंजिने श्रीलंकेत एम ८ या वर्गनामाने धावतात.

भारतीय पद्धती : भारतीय वर्गनामाचे चार घटक असतात. पहिले अक्षर रूळमापाचे, दुसरे कर्षणशक्तीच्या उगमाचे व तिसरे कामाचे असते. त्यांपुढील अंक व त्याला काही वेळा जोडलेले अक्षर मालिका किंवा शक्ती दर्शविते.

| स्थान | अक्षर | अर्थ |
|---|---|---|
| पहिले | डब्ल्यू | रुंदमापी (१,६७६ मिमी.) |
| | वाय | मीटरमापी (१,००० मिमी.) |
| | झेड | अरुंदमापी (७६२ मिमी.) |
| | एन | अरुंदमापी (६१० मिमी.) |
| दुसरे | डी | डीझेल |
| | सी | एकदिश विद्युत् प्रवाह |
| | ए | प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशेने वाहणारा) विद्युत् प्रवाह |
| तिसरे | एम | संमिश्र (प्रवासी व माल दोन्ही) |
| | पी | प्रवासी |
| | जी | माल |
| | एस | शंटिंग (यार्डातील डब्यांची हलवाहलव) |

या कोष्टकानुसार डब्ल्यूडीजी म्हणजे रुंदमापी मार्गावरील मालगाडीचे डीझेल एंजिन, वायडीएम म्हणजे मीटरमापी मार्गावरील संमिश्र कामाचे डीझेल एंजिन, तर डब्ल्यूडीएस म्हणजे रुंदमापी शंटिंगचे डीझेल एंजिन होय. दोन्ही प्रकारच्या विद्युत् प्रवाहांवर चालणाऱ्या विद्युत् एंजिनांसाठी ‘सीए’ ही दोन अक्षरे एकत्र योजतात.

रूळमापाची अक्षरे वाफेच्या एंजिनांकडून वारशाने आलेली आहेत. १९२० नंतरच्या दशकात ठरविण्यात आलेल्या प्रमाणभूत बाष्प एंजिनांमध्ये एक्स हे अक्षर रुंदमापी, वाय हे मीटरमापी व झेड हे ७६२ मिमी. मार्गांसाठी होते. एक्सए, एक्सबी व एक्ससी हे त्या काळातील रुंदमापी वर्ग होत. पुढे १९४७ मध्ये आलेल्या डब्ल्यूपी या नव्या आराखड्यापासून रुंदमापी एंजिनांसाठी डब्ल्यू हे अक्षर रूढ झाले. वाय व झेड मात्र कायम राहिली. ‘डब्ल्यू’चा संबंध रुंद या अर्थाच्या व ‘वाय’चा संबंध यार्ड या मापाच्या इंग्रजी शब्दाशी जोडण्याची प्रथा आहे. स्मरणाला ती सोयीची आहे; पण एक्स, वाय, झेड हा मूळचा वर्णक्रम लक्षात घेतला, म्हणजे अक्षरांची ही निवड कशी झाली असावी, याचा अधिक चांगला उलगडा होतो.

महाराष्ट्रात रूळमापाची निरनिराळी अक्षरे पाहावयास मिळाली आहेत. नेरळ–माथेरान हा मार्ग ६१० मिमी. मापाचा असल्याने त्यावरील डीझेल एंजिने एनडीएम या वर्गात येतात. जर्मनीतील युंग कंपनीने बनविलेली एनडीएम–१ एंजिने तेथे दीर्घकाळ कामात होती व त्यांच्यानंतरच्या एंजिनांत एनडीएम–६ हा वर्ग आहे. ‘शकुंतला’ या नावाने परिचित असलेल्या मूर्तिजापूर–अचलपूर व मूर्तिजापूर–यवतमाळ या ७६२ मिमी. मार्गांवर १९९४ मध्ये वाफेच्या एंजिनाची जागा झेडडीएम वर्गातील डीझेल एंजिनाने घेतली.

अंकाचा जुना अर्थ : तिसऱ्या अक्षरापुढील अंक हा मूलतः केवळ मालिकेचा क्रम होता, त्याचा शक्तीशी काही संबंध नव्हता. डब्ल्यूडीएम मालिकेचा इतिहास पाहिल्यास हे स्पष्ट होते. १९५७ पासून आयात झालेली आल्को कंपनीची १०० एंजिने डब्ल्यूडीएम–१ या वर्गाची होती. त्यांचा आराखडा डीएल ५०० सी असून प्रत्येकाची शक्ती १,९५० अश्वशक्ती होती. १९६२ मध्ये दोन प्रतिस्पर्धी आराखडे भारतात आले : आल्को कंपनीचे डब्ल्यूडीएम–२ व जनरल मोटर्स कंपनीचे डब्ल्यूडीएम–४. दोहोंची शक्ती २,६०० अश्वशक्ती होती. डब्ल्यूडीएम–४ वर्गाची ७२ एंजिने आली आणि १९६९ मध्ये सुरू झालेली हावडा–नवी दिल्ली राजधानी एक्सप्रेस प्रारंभी याच वर्गाच्या एंजिनांनी ओढली. तथापि भारतात उत्पादनासाठी आल्को कंपनीचा आराखडा निवडण्यात आला व डब्ल्यूडीएम–२ वर्गाची अडीच हजारांहून अधिक एंजिने तयार झाली.

डब्ल्यूडीएम–३ हा वर्ग मात्र डब्ल्यूडीएम–४ नंतर, १९७० च्या सुमारास आला. पश्चिम जर्मनीतील हेन्शेल कंपनीची ही केवळ आठ एंजिने होती. त्यांच्यात मूलचालकाची शक्ती विद्युत् जनित्र व चलित्रे यांच्याद्वारे नव्हे, तर द्रवीय प्रेषणाद्वारे चाकांपर्यंत पोहोचविली जात असे. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात बनलेल्या डब्ल्यूडीएम–७ वर्गाची शक्ती अवघी २,००० अश्वशक्ती होती. अंकावरून शक्तीचे अनुमान करणारा वाचक येथे फसतो. कारण सातव्या मालिकेचे एंजिन दुसऱ्या मालिकेच्या एंजिनाहून ६०० अश्वशक्तींनी दुर्बळ आहे.

याच काळात अंकापुढील अक्षर फेरफारांचे द्योतक होते. डब्ल्यूडीएम–२ हे मूळ एंजिन निर्वात गतिरोधकांच्या गाड्यांसाठी होते. संपीडित हवेच्या गतिरोधकांचे डबे वाढू लागल्यावर दोन्ही प्रकारच्या गाड्या ओढता याव्यात, म्हणून ज्या एंजिनांत मागाहून साधने बसविण्यात आली, त्यांना डब्ल्यूडीएम–२ए असे म्हणू लागले. ज्यांना हवा-गतिरोधक उत्पादनाच्या वेळीच बसविले होते, ती डब्ल्यूडीएम–२बी या उपवर्गात गणली गेली. येथे एका अक्षराचे महत्त्व विशेष ध्यानात येते. गाडीचे गतिरोधक एंजिनातून नियंत्रित होत असल्यामुळे हवा-गतिरोधकांच्या गाडीला केवळ निर्वात गतिरोधकांची व्यवस्था असलेले एंजिन जोडले, तर डब्यांचे गतिरोधक चालकाच्या हाती राहत नाहीत व अशी गाडी चालविताच येत नाही. ‘२’ व ‘२ए’ यांतील भेद कागदावर एका अक्षराचा असला, तरी प्रत्यक्षात तो गाडी थांबविता येण्याचा किंवा न येण्याचा आहे.

शक्तिनिदर्शक पद्धती : एंजिनांचे प्रकार वाढत गेल्यावर केवळ मालिकाक्रम अपुरा पडू लागला. म्हणून २००२ च्या सुमारास शंटिंगखेरीज इतर डीझेल एंजिनांसाठी शक्तिनिदर्शक पद्धती स्वीकारण्यात आली. तीनुसार अंक हा हजार अश्वशक्तींचा व त्यापुढील अक्षर शंभरांचे द्योतक ठरले : ए म्हणजे १००, बी म्हणजे २००, सी म्हणजे ३०० याप्रमाणे. ‘३ए’ म्हणजे ३,००० अधिक १००, अर्थात ३,१०० अश्वशक्ती. पूर्वीचे डब्ल्यूडीएम–२सी हे एंजिन या नियमाने डब्ल्यूडीएम–३ए झाले. त्याचप्रमाणे मालगाडीचे डब्ल्यूडीजी–२ हे डब्ल्यूडीजी–३ए व प्रवासी गाडीचे डब्ल्यूडीपी–२ हे डब्ल्यूडीपी–३ए झाले. या तिन्ही वर्गांची शक्ती ३,१०० अश्वशक्ती असून ती तिन्ही आल्को घराण्याच्या सोळा सिलिंडरी मूलचालकावर आधारलेली आहेत. कामाचे अक्षर तेवढे भिन्न आहे. या नामांतरामुळे हेन्शेलचे डब्ल्यूडीएम–३ व वाराणसीचे डब्ल्यूडीएम–३ए ही नावे एकमेकांच्या शेजारी आली. पण त्यांच्यात निर्माता, मूलचालक व प्रेषण यांपैकी काहीही समान नाही.

नियम सुटसुटीत असला, तरी तो सर्वत्र पाळला गेला नाही. पुढील उदाहरणे या दृष्टीने बोधप्रद आहेत.

(१) डब्ल्यूडीएम–२ या वर्गाचे नाव तसेच राहिले. २,६०० अश्वशक्तींसाठी नियमानुसार ‘२एफ’ असे नाव यावयास हवे होते. परंतु हजारोंच्या संख्येने असलेल्या व सर्वांच्या परिचयाच्या वर्गाचे नाव बदलण्यात आले नाही.

(२) डब्ल्यूडीएम–३डी याची शक्ती नियमानुसार ३,४०० अश्वशक्ती व्हावयास हवी. प्रत्यक्षात ती ३,३०० आहे.

(३) जनरल मोटर्स कंपनीच्या जीटी ४६ या आराखड्यावर आधारलेली डब्ल्यूडीजी–४ ही मालगाडीची व डब्ल्यूडीपी–४ ही प्रवासी गाडीची एंजिने अनुक्रमे १९९९ व २००१ पासून वापरात आली. दोहोंची मूळ शक्ती ४,००० अश्वशक्ती असल्याने येथे नाव व शक्ती यांचा मेळ बसतो. परंतु पुढील डब्ल्यूडीपी–४बी हे एंजिन ४,२०० नव्हे, तर ४,५०० अश्वशक्तीचे आहे. त्यातील ‘बी’ हे अक्षर रचनेतील बदल दाखविते. डब्ल्यूडीपी–४ च्या सहा आसांपैकी चारच आसांना कर्षण चलित्रे जोडलेली होती, तर ४बी मध्ये ती सहाही आसांना आहेत.

(४) डब्ल्यूडीपी–४डी व डब्ल्यूडीजी–४डी यांतील ‘डी’ हे अक्षर ४०० चे नसून दोन्ही टोकांना चालककक्ष असलेल्या रचनेचे द्योतक आहे. यांचीही शक्ती ४,५०० अश्वशक्ती आहे.

(५) बिहारमधील मढौरा येथील कारखान्यात बनलेल्या डब्ल्यूडीजी–४जी व डब्ल्यूडीजी–६जी या वर्गांची शक्ती अनुक्रमे ४,५०० व ६,००० अश्वशक्ती आहे. ‘जी’ हे अक्षर ७०० चे मानले, तर दोन्ही आकडे चुकतात. डब्ल्यूडीजी–५ या वर्गाची शक्ती ५,५०० अश्वशक्ती असूनही त्याच्या अंकापुढे अक्षरच नाही.

यावरून असा निष्कर्ष निघतो की, ३,००० अश्वशक्तीच्या टप्प्यातील बहुतेक नावे नियमाने वाचता येतात. त्यावरील टप्प्यांत हजाराचा अंक विश्वसनीय आहे, पण पुढील अक्षराचा अर्थ त्या त्या वर्गाच्या माहितीवरूनच लावावा लागतो.

शक्तीच्या आकड्याविषयी आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. मूलचालकाची एकूण शक्ती व कर्षणासाठी प्रत्यक्ष उपलब्ध होणारी शक्ती या दोन भिन्न राशी आहेत. पंखे, हवा संपीडक इ. साहाय्यक यंत्रे काही शक्ती खर्च करतात. डब्ल्यूडीएम–२ ची एकूण शक्ती २,६०० अश्वशक्ती असली, तरी कर्षणासाठी त्यातील सु. २,४०० अश्वशक्तीच मिळते. भारतात एकूण शक्ती सांगण्याची, तर अमेरिकेत कर्षणशक्ती सांगण्याची रीत आहे. त्यामुळे दोन देशांतील एंजिनांची तुलना केवळ नावांतील आकड्यांवरून करणे योग्य नव्हे.

धावक्रमांक : भारतात रुंदमापी एंजिनांना पाच आकडी, मीटरमापी एंजिनांना चार आकडी व अरुंदमापी एंजिनांना तीन आकडी धावक्रमांक देण्याची प्रथा पडली. हा क्रमांक वर्गनामापासून स्वतंत्र असतो. वर्गासाठी काही आकड्यांचा गट राखून ठेवतात व तो संपला की दुसरा गट घेतात. डब्ल्यूडीएम–१ साठी १७००० पासूनचे क्रमांक होते. १८००० पासूनच्या गटात आरंभी डब्ल्यूडीएम–४ व त्यानंतर १८०४० पासून डब्ल्यूडीएम–२ यांना क्रमांक मिळाले. १८५१५ ते १८५२२ हे आठ क्रमांक हेन्शेलच्या डब्ल्यूडीएम–३ वर्गाला मिळाल्यामुळे डब्ल्यूडीएम–२ च्या मालिकेत मध्येच ही परकी आठ एंजिने दिसतात. १८००० चा गट भरल्यावर डब्ल्यूडीएम–२ साठी १७१०० पासूनचे व तेही संपल्यावर १६००० पासूनचे क्रमांक वापरण्यात आले. म्हणजे या वर्गात १६ ने सुरू होणारे एंजिन सामान्यतः १८ ने सुरू होणाऱ्या एंजिनाहून नवे असते. मोठा क्रमांक म्हणजे नवे एंजिन हा समज येथे उलटा ठरतो.

नंतरच्या वर्गांपैकी डब्ल्यूडीजी–४ ला १२००१ पासूनचे व पुढे ७०,००० च्या गटातील क्रमांक मिळाले. डब्ल्यूडीपी–४ ला २०००० पासूनचे क्रमांक देण्यात आले. वस्तुतः २०,००० चा गट त्यापूर्वी प्रत्यावर्ती प्रवाहाच्या विद्युत् एंजिनांशी निगडित होता. त्यामुळे केवळ क्रमांकावरून एंजिन डीझेलचे की विजेचे, हे निश्चित सांगता येत नाही. मढौरा येथील एंजिनांच्या बाबतीत मात्र क्रमांक व वर्ग यांत सुसंगती दिसते : डब्ल्यूडीजी–४जी चे क्रमांक ४९००१ पासून, तर डब्ल्यूडीजी–६जी चे ६९००१ पासून सुरू होतात.

एंजिनाची पुनर्बांधणी झाल्यास क्रमांकाला ‘आर’ हे अक्षर जोडण्यात येते. पतियाळा येथील कारखान्यात जुन्या डब्ल्यूडीएम–२ एंजिनांची पुनर्बांधणी करून त्यांची शक्ती ३,१०० अश्वशक्तीपर्यंत वाढविण्यात आली. अशा एंजिनाचा आकडा मूळचाच राहतो, त्यापुढे ‘आर’ येतो व वर्गनाम मात्र डब्ल्यूडीएम–३ए असे होते. जुना आकडा व नवे वर्गनाम एकाच अंगावर दिसले, तर ती रंगाऱ्याची चूक नसून एंजिनाच्या पूर्वायुष्याची नोंद असते.

भारतीय धावक्रमांकात पडताळा-अंक नसतो. मालडब्यांना मात्र अकरा आकडी क्रमांक असून त्यांत डब्याचा प्रकार, मालकी असलेली रेल्वे, निर्मितीचे वर्ष व डब्याचा स्वतःचा आकडा हे क्रमाने येतात व अखेरचा अंक पडताळ्याचा असतो. मालडबे लाखोंच्या संख्येने असून ते देशभर भटकतात. एंजिने तुलनेने थोडी व एका शेडशी बांधलेली असतात. हा भेद दोन पद्धतींच्या मुळाशी आहे.

इतर देशांतील पद्धती : *जर्मनी :* पश्चिम जर्मनीत पूर्वी अंतर्ज्वलन एंजिनासाठी व्ही (जर्मन उच्चार फाउ) हे अक्षर व पुढे शक्तीचा सु. एक दशांश आकडा अशी पद्धती होती. व्ही २०० या प्रसिद्ध वर्गात प्रत्येकी सु. १,००० अश्वशक्तीचे दोन मूलचालक होते. १९६८ मध्ये संगणकाच्या सोयीसाठी सर्व नावे आकड्यांत बदलण्यात आली. तीन अंकी वर्गक्रमांकातील पहिला अंक बाष्प एंजिनांसाठी ०, विद्युत् एंजिनांसाठी १ व डीझेल एंजिनांसाठी २ असा ठरला. वर्गक्रमांकापुढे तीन अंकी व्यक्तिक्रमांक व शेवटी पडताळा-अंक येतो. व्ही २०० मालिकेतील पहिले एंजिन २२० ००१–२ झाले.

यातील पडताळा-अंक काढण्याची रीत अशी : सहा अंकांना डावीकडून अनुक्रमे १, २, १, २, १, २ यांनी गुणतात, गुणाकार दोन आकडी आल्यास त्यातील अंकांची बेरीज घेतात. सर्वांची बेरीज पुढील पूर्ण दहाच्या पटीपासून जितकी कमी असेल, तो पडताळा-अंक. २, २, ०, ०, ०, १ यांपासून २, ४, ०, ०, ०, २ हे गुणाकार येतात. त्यांची बेरीज ८ व पुढील दशक १० असल्याने पडताळा-अंक २ येतो. एखाद्या कारकुनाने घाईत २२०००१ ऐवजी २०२००१ असे लिहिले, तर बेरीज ६ व पडताळा-अंक ४ येईल. तो लिहिलेल्या २ शी जुळणार नाही व चूक तत्काळ उघडकीस येईल.

पूर्व जर्मनीने १९७० मध्ये अशीच आकडी पद्धती स्वीकारली. परंतु तीत डीझेल एंजिनांसाठी १ व विद्युत् एंजिनांसाठी २ हे अंक घेतले होते. जर्मनीचे एकीकरण झाल्यावर हे दोन्ही संच एकाच जाळ्यात आले आणि १९९२ मध्ये पूर्वेकडील एंजिनांना नवे क्रमांक द्यावे लागले. उदा., तेथील डीझेल वर्ग ११८ हा २२८ झाला.

अनेक देशांतून धावणाऱ्या एंजिनांसाठी यूरोपात आता बारा आकडी क्रमांक वापरतात. त्यातील पहिले दोन अंक वाहनाचा प्रकार (डीझेल एंजिनासाठी ९२) व पुढील दोन देश (जर्मनीसाठी ८०) दाखवितात. शेवटचा अंक पडताळ्याचा असतो.

*ब्रिटन :* ब्रिटिश रेल्वेने आरंभी डीझेल एंजिनांचे शक्तीनुसार पाच प्रकार पाडले होते. पहिला १,००० अश्वशक्तीपर्यंतचा, तर पाचवा ३,००० अश्वशक्ती व त्यावरील. धावक्रमांकापूर्वी डीझेलदर्शक डी हे अक्षर असे. १९६८ मध्ये दोन अंकी वर्गक्रमांक ठरविण्यात आले व १९७३ पासून एंजिनांवर पाच आकडी क्रमांक रंगविण्यास प्रारंभ झाला. त्यातील पहिले दोन अंक वर्गाचे व उरलेले तीन व्यक्तीचे असतात. ५५०२२ हा क्रमांक वाचताच ते ३,३०० अश्वशक्तीच्या ‘डेल्टिक’ या ५५ व्या वर्गाचे एंजिन आहे, हे कळते. वर्ग व क्रमांक यांची अशी एकजीव जोडणी भारतीय पद्धतीत नाही.

*अमेरिका :* येथे अनेक खाजगी रेल्वे कंपन्या असून त्या आपापले धावक्रमांक देतात. वर्गनाम म्हणून सामान्यतः निर्मात्याचेच प्रतिमाननाम वापरतात. जनरल मोटर्सच्या शंटिंग एंजिनांच्या ‘एसडब्ल्यू’ या नावात सहाशे अश्वशक्ती व वितळजोडाने जोडलेली चौकट या अर्थांच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे होती. पुढे १,२०० अश्वशक्तीच्या एंजिनालाही एसडब्ल्यू १२०० असेच नाव मिळाले. याच कंपनीची ‘जीपी’ ही अक्षरे सर्वसाधारण कामाच्या चार आसी, तर ‘एसडी’ ही विशेष कामाच्या सहा आसी एंजिनांची आहेत. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या यू २५ बी या नावात २५ हा शेकड्यांतील शक्तीचा आकडा (२,५००) असून बी हे अक्षर प्रत्येक बोगीला दोन चालित आस असल्याचे सांगते. तीन आस असल्यास सी हे अक्षर येते. मूलचालकांच्या नावांतील आकडे आणखी निराळे असतात : जनरल मोटर्सच्या ७१० या मूलचालकाचा आकडा म्हणजे एका सिलिंडरचे घन इंचांतील घनफळ (सु. ११·६ लिटर) होय, आल्कोच्या २५१ या मूलचालकाचा आकडा मात्र घनफळ दर्शवीत नाही.

प्रत्यक्ष ओळख : भारतीय एंजिनाच्या बाजूवर वर्गनाम, धावक्रमांक व ज्या शेडकडे त्याच्या देखभालीची जबाबदारी आहे तिचे नाव (उदा., पुणे, कल्याण) रंगविलेले असते. शेवटची मोठी दुरुस्ती कोठे व केव्हा झाली, याचीही नोंद आढळते. अक्षरे पुसट झालेली असल्यास रचनेवरून वर्ग ओळखता येतो. आल्को घराण्यातील मूलचालक चार धावांचे, तर जनरल मोटर्सचे ७१० मूलचालक दोन धावांचे असल्यामुळे त्यांच्या आवाजात स्पष्ट भेद असतो. डब्ल्यूडीएम–२ च्या बोगीतील तीन आसांमधील अंतरे विषम असतात, तर डब्ल्यूडीजी–३ए च्या बोगीची रचना चाकांची रूळावरील पकड वाढविणारी आहे.

भारानुसारही भेद पडतो. डब्ल्यूडीएम–२ चे वजन ११२·८ टन असून त्याचा आसभार १८·८ टन आहे. डब्ल्यूडीजी–३ए चे वजन १२३ टन व आसभार २०·५ टन, तर डब्ल्यूडीजी–४ चे वजन १२६ टन व आसभार २१ टन आहे. जेथे पुलांची क्षमता मर्यादित आहे, तेथे दोन टनांचा हा फरक निर्णायक ठरतो. कॅसलरॉक व कुळे यांमधील गोव्याच्या घाटात चढ ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र आहे. अशा ठिकाणी गाडीला किती व कोणत्या वर्गाची एंजिने जोडावयाची, हे भारकोष्टकावरून ठरते आणि भारकोष्टक वर्गनामानुसार रचलेले असते. एका वर्गावर प्रशिक्षण घेतलेल्या चालकाला दुसऱ्या घराण्याचे एंजिन त्यावरील प्रशिक्षणाशिवाय देता येत नाही. सुट्या भागांच्या मागणीपत्रावरही वर्ग व उपवर्ग अचूक लिहावा लागतो, अन्यथा आलेला भाग बसत नाही व एंजिन शेडमध्ये अडकून पडते.

सद्यःस्थिती : विद्युतीकरणाच्या वेगामुळे भारतात डीझेल एंजिनांचे क्षेत्र आकुंचित झाले आहे. कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. वाराणसीच्या कारखान्याने विद्युत् एंजिने बनविण्यास प्रारंभ केला आणि २०२० मध्ये त्याच्या नावातील ‘डीझेल’ हा शब्द जाऊन ‘बनारस’ हा शब्द आला. तेथेच डब्ल्यूडीजी–३ए या वर्गाच्या दोन डीझेल एंजिनांचे रूपांतर करून १०,००० अश्वशक्तीचे विद्युत् एंजिनयुग्म बनविण्यात आले व त्याला डब्ल्यूएजीसी–३ असे वर्गनाम मिळाले. त्यातील ‘डी’ जाऊन ‘ए’ आला, मालगाडीचा ‘जी’ कायम राहिला व रूपांतराचा ‘सी’ नव्याने जोडला गेला. म्हणजे एंजिनाचा सर्व पालट त्याच्या नावात उमटला. दुसरीकडे ४,५०० व ६,००० अश्वशक्तीची डीझेल एंजिने मालवाहतुकीच्या कामी आहेत आणि डब्ल्यूडीएम–२ वर्गाची काही एंजिने संग्रहालयात जतन करण्यात आली आहेत. सेवेतून गेलेल्या वर्गांच्या बाबतीत वर्गनाम, धावक्रमांक व निर्मितिक्रमांक हीच त्यांचा इतिहास जुळविण्याची प्रमुख साधने असल्याने जतन केलेल्या एंजिनांना नवा रंग देताना मूळची अक्षरे व आकडे जसेच्या तसे राखणे आवश्यक ठरते.